परीक्षकाचा कान आणि जाहिरातदाराची थैली

धान्याचें माप खोटें असेल तर तें घरच्या तराजूवर उघडकीस येतें. ध्वनियंत्राचें माप मात्र बहुधा परक्याच्या कानांत असतें. म्हणूनच या बाजारांत ग्राहकाला परीक्षकाच्या शब्दावर विसंबावें लागतें. तो शब्द ज्या मासिकांत छापला जातो, तें त्याच यंत्रांच्या जाहिरातींवर जगत असेल, तर त्यावर विश्वास कितपत ठेवावा?

अमेरिकेचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे. जे. गॉर्डन होल्ट हे १९५० नंतरच्या दशकांत ‘हाय फिडेलिटी’ मासिकांत काम करीत. जाहिरातदारांच्या मालाविषयीं तेथें स्पष्टपणें लिहितां येत नाहीं, असें त्यांचें मत झालें, व १९६२ सालीं त्यांनीं ‘स्टिरिओफाइल’ हें स्वतःचें नियतकालिक काढलें. प्रारंभीं कारखानदारांच्या जाहिराती वर्ज्य होत्या. यंत्राची योग्यता केवळ मापनाच्या आकड्यांवरून न ठरवितां प्रत्यक्ष ऐकून ठरवावयाची होती. १९७३ मध्यें हॅरी पिअरसन यांचें ‘दि ॲब्सोल्यूट साउंड’ही आरंभीं जाहिरातींवांचूनच निघालें.

पण व्रत घेणें निराळें आणि तें निभावणें निराळें. होल्ट यांचे अंक वेळेवर निघेनात; १९८२ मध्यें नियतकालिक लॅरी आर्चिबाल्ड यांच्या हातीं गेलें. कालांतरानें दोन्ही नियतकालिकांनीं जाहिरातींना दार उघडलें. याउलट, १९३६ सालीं स्थापन झालेली ‘कन्झ्यूमर्स युनियन’ ही संस्था जाहिरात न घेतां व तपासावयाच्या वस्तू स्वतः विकत घेऊन टिकून राहिली. भेद नीतीपेक्षां संख्येचा अधिक आहे. धुलाईयंत्र व मोटार घराघरांत लागते, म्हणून तो खर्च लाखों वर्गणीदारांत वांटला जातो. सूक्ष्म नादाचे रसिक मूठभर.

तेव्हां जाहिरात घेणारा प्रत्येक परीक्षक विकला गेला, असें म्हणणें अन्यायाचें होईल. जाहिरातीचा परिणाम असत्यापेक्षां मौनांतून अधिक होऊं शकतो. सदोष यंत्राची स्तुति करण्याची गरजच नसते. त्याचें परीक्षण छापलें नाहीं म्हणजे पुरे. म्हणून वाचकानें स्तुतीचीं विशेषणें मोजूं नयेत. वर्षभरांत किती यंत्रांना, व विशेषतः किती जाहिरातदारांच्या यंत्रांना, स्पष्ट शब्दांत दोष दिला, हें मोजावें. ती संख्या शून्य असेल, तर परीक्षकाचा कान कितीही तीक्ष्ण असो, त्याची जीभ बांधलेली आहे असा संशय घेण्यास जागा राहते.

आणि एक गोष्ट आपण स्वतःलाही विचारावी. निर्भीड परीक्षणाची किंमत कोणीतरी देतोच; ती वाचकानें दिली नाहीं, तर देणाऱ्या दुसऱ्याचा मान ठेवला जातो, याचें नवल कां वाटावें?