विद्यापीठीय सायबर सुरक्षा शिक्षणातील क्षमताधिष्ठित अध्यापन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

‘क्षमताधिष्ठित अध्यापन’ ही संज्ञा महाराष्ट्रातील शिक्षणक्षेत्राला नवी नाही. १९९० च्या दशकात प्राथमिक शिक्षणाच्या संदर्भात किमान अध्ययन क्षमतांची विपुल चर्चा झाली. विद्यापीठीय सायबर सुरक्षा शिक्षणात मात्र ही संकल्पना वेगळ्या वाटेने आली व तिची जडणघडण प्रामुख्याने अमेरिकेत झाली. विद्यार्थ्याला काय माहीत आहे, त्याला काय करता येते आणि तो कसा वागेल, या तीन प्रश्नांच्या आधारे या वाटचालीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१९८८ ची घटना

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने स्वतःच्या प्रती निर्माण करीत पसरणारा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. एखाद्या संगणकात प्रत आधीच असली, तरी सातांपैकी एका वेळी नवी प्रत टिकून राहावी अशी त्याची रचना होती. परिणामी प्रती साचत गेल्या आणि अनेक यंत्रे ठप्प झाली. बाधित यंत्रांची संख्या त्या वेळी सुमारे ६,००० मानली गेली. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ समन्वय केंद्र स्थापन झाले. १९९० मध्ये न्यायालयाने मॉरिसला दोषी ठरविले. त्याच्याजवळ ज्ञानाची वा कौशल्याची वाण नव्हती. वाण होती ती परिणामांचा विचार करण्याची.

पाठ्यघटकांचा काळ

१९९४ मध्ये अमेरिकी शासनाने माहिती सुरक्षा व्यावसायिकांसाठी प्रशिक्षणाचे मानक निश्चित केले. राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने (एनएसए) विद्यापीठांसाठी शैक्षणिक उत्कृष्टता केंद्रांची योजना आखली व १९९९ मध्ये पहिल्या सात विद्यापीठांना मान्यता दिली. आपले अभ्यासक्रम शासकीय मानकांशी जुळतात, हे विद्यापीठांना दाखवावे लागे. त्यामुळे विषयाला प्रतिष्ठा लाभली. परंतु काय शिकविले जाते याचीच नोंद होत होती, विद्यार्थ्याला काय करता येते याची नव्हे.

कृतीकडून क्षमतेकडे

ही उणीव प्रथम स्पर्धांनी भरून काढली. २००१ पासून अमेरिकेच्या लष्करी अकादम्यांमध्ये सायबर संरक्षण सराव सुरू झाला. विद्यार्थी जाळे उभारीत व सांभाळीत; एनएसएचे तज्ज्ञ त्यावर हल्ले चढवीत. २००५ मध्ये नागरी महाविद्यालयांसाठीही अशी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू झाली. हल्ला सुरू असताना सेवा चालू ठेवणे ही लेखी परीक्षेहून निराळी कसोटी होती.

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ‘नाइस’ आराखड्यात ५२ कार्यभूमिका व त्यांना लागणारे ज्ञान, कौशल्ये आणि पात्रता यांच्या विस्तृत याद्या होत्या. त्याच वर्षअखेरीस एसीएम व सहयोगी संघटनांच्या संयुक्त कृतिगटाने पदवी अभ्यासक्रमाची मार्गदर्शक तत्त्वे मांडली. त्यांतील आठ ज्ञानक्षेत्रांत विदा व सॉफ्टवेअर यांच्याबरोबर मानवी, संस्थात्मक आणि सामाजिक सुरक्षेलाही स्थान मिळाले. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘नाइस’ आराखडा सुधारण्यात आला; कार्य, ज्ञान व कौशल्य हे त्याचे मूलघटक ठरले आणि क्षमतेच्या संकल्पनेला त्यात स्थान देण्यात आले. संगणकीय शिक्षणविषयक २०२० च्या अहवालाने त्यापुढे जाऊन क्षमता म्हणजे विशिष्ट कार्याच्या संदर्भातील ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती यांचा संयोग, असे प्रतिपादन केले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पहिले दोन प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आणणे तुलनेने सोपे होते. तिसरा प्रश्न मात्र खुणेच्या यादीत मावत नाही. एखाद्या प्रणालीतील उणीव शोधण्याचे कौशल्य संरक्षकाला आणि आक्रमकाला सारखेच उपयोगी पडते. दोघांतील भेद वृत्तीचा असतो. म्हणूनच क्षमतेची छाननी याद्यांपुरती मर्यादित राहिल्यास, मॉरिससारखा विद्यार्थी प्रत्येक निकषावर उत्तम गुणांनी उत्तीर्ण होईल. प्रयोगशाळेत विद्यार्थी अडचणीच्या क्षणी कोणता निर्णय घेतो, त्याचे कारण कसे मांडतो आणि स्वतःची चूक कधी कळवितो, याचे निरीक्षण शिक्षकालाच करावे लागते. वृत्तीला क्षमतेच्या व्याख्येत स्थान मिळण्यास १९८८ नंतर तीन दशके लागली; ती अध्यापनात उतरविणे हे कार्य अद्याप शिल्लक आहे.