वृक्षांची वस्त्रे

चीनच्या सुई घराण्यातील सम्राट यांग याने इ. स. ६०५ मध्ये लोयांग नगरीची नव्याने उभारणी आरंभिली, तेव्हा नगराच्या पश्चिमेस जे विस्तीर्ण उपवन निर्माण झाले, त्यातील वृक्षांची पाने हिवाळ्यात झडली की रंगीत रेशमाची पाने-फुले कातरून निष्पर्ण फांद्यांवर बांधली जात, आणि त्यांचा रंग विटला की जुनी उतरवून नवी चढविली जात. ऋतुचक्रावर हुकूम गाजविण्याची ही हौस उपवनाच्या भिंतींआड थोडीच मावणार! ६१० साली पश्चिमेकडील परदेशी व्यापाऱ्यांना लोयांगच्या पेठेत व्यवहाराची परवानगी मिळाली, त्या प्रसंगी दुकाने एकसारखी सजविण्यात आली, भाजीविक्यांनासुद्धा उंची चटयांवर बसविण्यात आले, खाणावळीत पाहुण्यांकडून दाम घेऊ नये अशी व्यवस्था झाली, आणि झाडांना रेशमी वस्त्रे गुंडाळण्यात आली. सर्व काही यथासांग पार पडले असते. परंतु पाहुण्यांत काही चाणाक्ष निघाले. अंग झाकण्यापुरतेही वस्त्र नसलेले दरिद्री लोक तुमच्या मुलखात असता हे कापड त्यांना न देता झाडांना का, असे त्यांनी विचारले, तेव्हा पेठेतील लोक लाजून निरुत्तर झाले. ही हकीकत अकराव्या शतकातील इतिहासकार सिमा ग्वांग याने नोंदविली आहे; लयास गेलेल्या घराण्याची नालस्ती करण्यात पुढच्या राजवटींतील लेखकांना रस असतो हे खरे, तथापि प्रश्नाची धार त्यामुळे बोथट होत नाही.

वृक्षांना वस्त्र नेसविण्याची कल्पना विसाव्या शतकात बल्गेरियात जन्मलेला चित्रकार क्रिस्टो आणि त्याची सहधर्मचारिणी जान-क्लोद यांनी पुन्हा हाती घेतली, तेव्हा सम्राटाचा हुकूम जेथे पुरला होता तेथे त्यांना अर्जविनंत्या कराव्या लागल्या. १९६६ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील उद्यानाची परवानगी नाकारली गेली. १९६९ मध्ये पॅरिसच्या शाँझेलिझे मार्गावरील ३३० झाडांचा प्रस्तावही नामंजूर झाला. आणि अखेर १९९८ च्या नोव्हेंबरात स्वित्झर्लंडमधील बाझलजवळ रीहेन येथे १७८ झाडे ५५,००० चौरस मीटर पॉलिएस्टर कापडात आच्छादली गेली. जपानात हिमवर्षावापासून झाडे राखण्यासाठी वापरतात त्याच जातीचे हे कापड पारभासक असल्याने आतील फांद्यांचे जाळे उन्हात स्पष्ट उमटे, आणि माझ्या मते या कृतीचे सारे सौंदर्य त्या दिसण्यात होते, कारण यांगच्या रेशमाने झाड लपविले, येथे ते अधिक दिसू लागले. खर्चासाठी सरकारी खजिना वा देणगीदार न शोधता उभयतांनी आपली पूर्वचित्रे विकून रक्कम उभी केली होती. डिसेंबरच्या मध्यास सर्व आच्छादने उतरवून कापड पुनर्वापरासाठी रवाना झाले.