उष्ट्या पत्रावळी कोणी उचलायच्या?

वाचक माउली, धर्मराजाच्या राजसूय यज्ञाची कथा तुम्ही काल्याच्या कीर्तनात कितीतरी वेळा ऐकली असेल. कामे वाटून दिली गेली. कोणाकडे कोठार, कोणाकडे दानधर्म, कोणाकडे पाहुण्यांची सरबराई. द्वारकेच्या राजाने मात्र उष्ट्या पत्रावळी काढण्याचे काम आपणहून मागून घेतले. हा प्रसंग आला की मृदंग थांबतो, श्रोत्यांचे डोळे भरतात आणि मग 'पुंडलीक वरदे' होऊन मंडळी महाप्रसादाला पंगतीत बसतात. तासाभराने मंडपामागे जाऊन पाहावे. चकचकीत ताटल्या, पाण्याचे पेले, अर्धवट खाल्लेली बुंदी, आणि त्यात तोंड घालून उभी असलेली गावची गुरे.

हे दृश्य फार जुने नाही. आपल्या संप्रदायाच्या जेवणाचा इतिहास पाहिला तर हा कचरा अगदी अलीकडचा पाहुणा आहे. तो इतिहास थोडा सांगतो. त्यातला गोड भाग सांगतो आणि कडू भागही सांगतो.

पालखी सोहळा आज आपण पाहतो त्या रूपात येण्याआधी वारकरी पडशी खांद्यावर टाकून निघत असे. पडशीत दशम्या, चटणी, मूठभर शेंगदाणे, एक ताटली आणि तांब्या. दशमी दुधात भिजवलेल्या पिठाची, म्हणून चार दिवस टिकायची. शिदोरी संपली की वाटेवरच्या गावात माधुकरी. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरफळच्या हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला स्वतंत्र शिस्त लावली. ते शिंदे सरकारच्या पदरी राहिलेले गृहस्थ. त्यामुळे लष्कराच्या मुक्कामाची घडी त्यांना ठाऊक होती. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. दिंड्यांना क्रम लागला, मुक्काम ठरले, आणि शेकडो माणसांच्या जेवणाचा प्रश्न एकेका घराचा न राहता दिंडीचा झाला. यातूनच भिशी आली. वारीची भिशी म्हणजे शहरातली पैसे उचलण्याची भिशी नव्हे बरे का! प्रत्येकाने ठरलेली रक्कम किंवा शिधा द्यायचा आणि दिंडीच्या सामाईक चुलीवर जेवायचे, ती ही भिशी.

पंगत बसे ती पानावर. पळसाचे पान, नाहीतर वडाचे, विदर्भाकडे मोहाचेही. पळसाची झाडे फाल्गुनात फुलतात, मग नवी पालवी येते, आणि पाने निबर झाली की ती तोडून बारीक काड्यांनी टाचत. टाचलेल्या पत्रावळी एकावर एक रचून वर दगड ठेवायचा, म्हणजे सपाट वाळतात. वाढण्याआधी पाण्याचा हबका मारायचा, नाहीतर कोरडे पान तडकते आणि आमटी धोतरावर येते. आमटीसाठी द्रोण वेगळा. आणि भात मधोमध घेऊन त्याला आळे करायचे, हे पोरांनाही शिकवावे लागत नसे. जेवण झाले की पत्रावळ उकिरड्यावर जाई. अर्धी गुरे खात, उरलेली पावसात कुजून पुढच्या वर्षी शेतात पडे.

इतके ऐकून तुम्ही म्हणाल, वा, किती शुद्ध काळ होता! थांबा. पान टाकून देण्यामागे निसर्गाचे प्रेम जेवढे होते, त्याहून मोठा होता विटाळाचा धाक. एकाचे उष्टे भांडे दुसऱ्याला चालत नसे, म्हणून पान सोयीचे. आणि ती उष्टी पाने उचलणारा माणूस पंगतीत नसे. चोखोबांच्या अभंगांत उष्ट्याचा उल्लेख येतो, तो वाचताना अजूनही घसा दाटतो. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि त्यावर त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. एकाच दिंडीत भजन एकत्र, पण स्वयंपाक आणि पंगत जातवार वेगळी, हे त्यांना खुपले. ही काही ज्ञानोबा-तुकोबांच्या काळची गोष्ट नाही, गेल्या शतकातली आहे. गोपाळपुरात काला करायचा, एकमेकांच्या मुखी लाह्या घालायच्या, आणि मुक्कामावर पंगत वेगळी धरायची, असे बराच काळ चालले. म्हणून जुने दिवस परत आणू या असे मी म्हणणार नाही. चुलींसाठी वाटेवर केवढे सरपण तोडले जाई, तेही विसरू नये.

या सगळ्याला ज्यांनी उलटे करून दाखवले ते गाडगेबाबा. १८७६ चा जन्म, १९५६ ला देह ठेवला. हातात खराटा, आणि जेवायला मडक्याचे खापर. गावात गेले की आधी दिवसभर गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. आम्ही कीर्तनकार मंडळी गावात गेलो की आधी विचारतो, उतरण्याची व्यवस्था कोठे केली आहे? बाबांची व्यवस्था त्यांच्या काखेतच असे. पंढरीत त्यांचा जीव देवळापेक्षा वाळवंट झाडण्यात रमे. त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली, जागोजागी अन्नदान चालवले. त्यांच्यापाशी अन्नदान आणि झाडलोट ही दोन कामे कधी वेगळी झाली नाहीत. आपण मात्र पहिले काम यजमानाकडे दिले आणि दुसरे नगरपालिकेच्या कामगाराकडे.

पुढे रस्ते झाले. पडशीची जागा ट्रकने घेतली, तांब्याची टँकरने, चुलीची गॅसच्या शेगडीने. दिंडी वाढली तशी वाढपी मंडळींची धावपळ वाढली. मग पानाऐवजी कागदाची रुपेरी पत्रावळ आली, थर्माकोलची ताटली आली. गळत नाही, तडकत नाही, स्वस्त. कोणी कोणाला दोष द्यावा? सगळ्यांनाच हायसे वाटले. पण थर्माकोल कुजत नाही, आणि त्या रुपेरी कागदावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. उष्ट्याच्या वासाने गुरे ते खातात आणि ते त्यांच्या पोटात साचून राहते. ज्या गोपाळाचा काला आपण करतो, त्याच्या गाईंच्या पोटात आपण काय घालतो, हे तुम्हीच पाहा.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिक आणि थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या ताटल्या, पेले, वाट्या बंद केल्या. १ जुलै २०२२ पासून देशभर अशी बंदी आली. पुढे मुलामा दिलेल्या कागदी ताटल्यांवरही राज्याने बंदी आणली. कायदा झाला, पण ताटल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतातच, आणि सप्ताहाच्या आदल्या रात्री पोती भरून येतातही. पुण्याच्या विद्यापीठाची राष्ट्रीय सेवा योजनेची मुले वारीत पानांच्या पत्रावळी वाटतात आणि त्या गोळाही करतात, याचे मला फार कौतुक आहे. ती पोरे टाळ वाजवत नसतील, पण काम श्रीकृष्णाचे करतात.

आता हिशेब. तीनशे माणसांची दिंडी धरा. दोन वेळचे जेवण म्हणजे दिवसाला सहाशे पत्रावळी. अठरा दिवसांत दहा हजार आठशे. दोन वेळचा चहा कागदी पेल्यात दिला तर तितकेच पेले. ही एक लहान दिंडी झाली, आणि सोहळ्यात अशा शेकडो दिंड्या असतात. एवढी पळसाची पाने रोज कोठून आणणार? म्हणून 'पान वापरा' एवढे सांगून भागत नाही. जेथे मोहा-पळसाची राने आहेत आणि पत्रावळी टाचणाऱ्या बायकांना त्यातून चार पैसे मिळतात, तेथे पान जरूर घ्यावे. बाकी ठिकाणी माझे मत स्पष्ट आहे: ज्याने त्याने आपले ताट आणावे.

यावर दिंडीचालक म्हणतात, महाराज, ताटे धुवायला पाणी कोठून आणायचे? प्रश्न खरा आहे. पण पूर्वी पाणी तरी कोठे नळाला होते? राखेने किंवा वाळूने ताट घासत, वर तांब्याभर पाणी. आजही दोन घंगाळी ठेवली, एकात घासून काढायचे आणि दुसऱ्यात विसळायचे, तर थोडक्या पाण्यात पंगत उरकते. मात्र हे धुणे नदीत नको. उजनीचे धरण १९८० साली झाल्यापासून चंद्रभागेला पाणी केव्हा असेल हे वरून सोडण्यावर अवलंबून आहे. थबकलेल्या पात्रात शेकडो ताटांचे तेल उतरले तर स्नान कशात करणार? धुण्याचे पाणी खड्ड्यात मुरवावे.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक. वाटेवरचे अन्नदान. भाविक प्रेमाने केळी, बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या देतात. घेणारा नाही म्हणत नाही, कारण प्रसादाला नाही म्हणायचे नसते. मैलभर पुढे तोच पुडा गटारीत दिसतो. दिंडीत भाकरी-पिठल्याची पंगत बसणार असते, त्याच वेळी चौकात कोणी शिऱ्याचे पातेले घेऊन उभे राहतात. एकादशीला तर खिचडीचे डोंगर. अन्नदात्याने आधी दिंडीला विचारावे, अमुक दिवशी तुमची भिशी कोठे आहे, काय कमी आहे? डाळ हवी असेल, तेल हवे असेल, टँकर हवा असेल. त्यात फोटो येत नाही, हे मला मान्य आहे.

आपल्या गावचा सप्ताह आता जवळ आला असेल. पत्रिका छापायला जाईल तेव्हा कीर्तनकारांची नावे, अन्नदात्यांची नावे झाली की खाली थोडी जागा उरते. पूर्वीच्या काही पत्रिकांत तेथे एक ओळ असे, ती पुन्हा घालावी: 'येताना ताट, वाटी व तांब्या बरोबर आणावा.' आणि तिच्याखाली, काल्याच्या दिवशी पंगत उठल्यावर मंडप झाडायला कोण थांबणार, त्यांचीही नावे छापावीत. पहिले नाव कीर्तनकाराचे असले तर उत्तम.