मनाच्या दारावरील पहारा

लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांचा इतिहास लिहिणें त्या मानानें सोपें. कारण त्यांच्या खुणा दगडांवर आणि कागदांवर राहतात. मनांत येऊन गेलेल्या विचाराची खूण कोठें राहणार? तथापि इसवी सनाच्या चौथ्या शतकांत मिसर देशाच्या वाळवंटांत कांहीं ख्रिस्ती संन्याशांनीं हेंच काम हातीं घेतलें होतें. कोणता विचार कोणत्या वेळीं मनांत शिरतो, त्याच्या पाठोपाठ कोणता येतो, कोणता लवकर निघून जातो आणि कोणता ठाण मांडून बसतो, हें त्यांनीं बारकाईनें पाहिलें. ज्या पुरुषानें या निरीक्षणास शास्त्राचें रूप दिलें, त्याचें नांव मात्र खुद्द ख्रिस्ती समाजांतही थोड्यांसच ठाऊक असतें.

तो पुरुष इव्हाग्रियस. काळ्या समुद्राच्या दक्षिणेकडील पाँटस प्रांतांत इबोरा या गांवीं सुमारें ३४५ सालीं त्याचा जन्म झाला. थोर धर्मपंडित बेसिल यानें त्यास चर्चमध्यें वाचक नेमिलें, नाझियान्झसच्या ग्रेगरीनें डीकन केलें, आणि कॉन्स्टँटिनोपल या राजधानींत वादपटु म्हणून त्याचा लौकिक झाला. तेथेंच एका उच्चपदस्थाच्या पत्नीच्या ठायीं त्याचें मन गुंतलें. त्याचा शिष्य पॅलेडियस सांगतो कीं, आपण बेड्या घालून तुरुंगांत पडलों आहों असें त्यास स्वप्न पडलें, आणि त्या स्वप्नांतच त्यानें शहर सोडण्याची शपथ घेतली. शपथ स्वप्नांतली असली तरी ती शपथच, असें म्हणून जागा होतांच त्यानें जेरुसलेमला जाणारें गलबत गांठलें. एखाद्या भाविक चरित्रकारानें कथा येथेंच संपविली असती. पॅलेडियस तसें करीत नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें. जेरुसलेमांत पोंचल्यावर इव्हाग्रियस पुन्हां उंची वस्त्रांत आणि जुन्या डौलांत रमला, मग सहा महिने तापानें अंथरुणास खिळला. जैतुनाच्या डोंगरावरील मठाची स्वामिनी मेलानिया या रोमन कुलस्त्रीनें अखेर त्याच्या तोंडून खरी हकीकत काढून घेतली, आणि संन्यास घेण्याचें वचनही घेतलें.

सुमारें ३८३ सालीं तो मिसरांत आला. निट्रिया येथें दोन वर्षें काढून तो केलिया या अधिक एकांताच्या जागीं गेला आणि ३९९ सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिला. केलिया म्हणजे कोठड्या. एका कोठडींतून दुसरीतला मनुष्य दिसूं नये कीं त्याचा आवाज ऐकूं येऊं नये, इतक्या अंतरावर त्या बांधीत. आठवड्याच्या शेवटीं प्रार्थनामंदिरांत सर्वांची गांठ पडे. बाकीचे दिवस ज्याचा तो. इव्हाग्रियस ग्रंथांच्या नकला करून पोट भरी. द्रव्य नाहीं, स्त्री नाहीं, भांडावयास शेजारी नाहीं. पाप करण्यास साधनच नाहीं. आणि तरीही मन स्वस्थ नव्हतें! संसारी लोकांशीं सैतान वस्तूंच्या द्वारें लढतो, संन्याशांशीं विचारांच्या द्वारें, असा त्याचा सिद्धांत या अनुभवांतूनच निघालेला आहे.

अशा विचारांचे त्यानें आठ वर्ग केले: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, उबग, कीर्तिलालसा आणि गर्व. वाचकांस येथें षड्रिपूंची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. परंतु इव्हाग्रियस या आठांस विकार किंवा पापें न म्हणतां ‘विचार’ म्हणतो, आणि त्यांचें वर्णन वाचूं लागतांच त्याचें कारण कळतें. खादाडपणाचा विचार पक्वान्नें दाखवीत येत नाहीं. उपवासानें पोट बिघडेल, यकृत आणि प्लीहा यांस विकार होईल, आणि येथें तर वैद्यही मिळावयाचा नाहीं, असें तो हितचिंतकाच्या सुरांत सांगतो. द्रव्यलोभ सोन्याची गोष्टच काढीत नाहीं. तो लांबलचक म्हातारपण, काम न करूं शकणारे हात, येऊं घातलेला दुष्काळ आणि दुसऱ्यापुढें हात पसरण्याची लाज एवढ्यांचेंच चित्र रंगवितो. विमा उतरविणाऱ्या आणि मुलांच्या शिक्षणासाठीं पैसा साठविणाऱ्या आम्हां गृहस्थांस हा आवाज अगदीं ओळखीचा आहे. अर्थात् संन्याशाला जो मोह तो संसारी माणसाला पुष्कळदां कर्तव्यच असतो, हें विसरून चालणार नाहीं.

सर्वांत प्रसिद्ध वर्णन उबगाचें. हा विचार ऐन दुपारीं येतो. सूर्य जागचा हलत नाहीं, दिवस पन्नास घटकांचा झाला आहे असें वाटतें. संन्यासी पुनःपुन्हां खिडकीशीं जातो, जेवणाची वेळ किती दूर आहे तें उन्हावरून पाहतो, कोणी भेटावयास येत आहे काय म्हणून इकडेतिकडे डोकावतो. मग ही जागा वाईट, हें काम वाईट, येथल्या लोकांत प्रेम उरलें नाहीं, देव काय कोठेंही भेटतो, अशी परंपरा सुरू होते. ज्यानें हें लिहिलें तो त्या खिडकीशीं कित्येक वेळां उभा राहिला असला पाहिजे.

आमच्या मतें या शोधाचा गाभा एका लहानशा भेदांत आहे. हे विचार मनास छळतील कीं नाहीं, हें आपल्या हातीं नाहीं; ते तेथें रेंगाळतील कीं नाहीं, हें मात्र आपल्या हातीं आहे, असें इव्हाग्रियस स्पष्ट सांगतो. वाळवंटांतील दुसरा एक वृद्ध, पॉयमेन, हाच भेद आपल्या रीतीनें शिकवी. विचारांनीं गांजलेला एक तरुण त्याच्याकडे आला, तेव्हां त्यास बाहेर नेऊन वृद्धानें म्हटलें, “छाती फुगवून हा वारा धरून ठेव पाहूं.” तें होणें नाहीं असें तो म्हणतांच वृद्ध उत्तरला, “मग विचारांचें येणेंही तुला थांबवितां यावयाचें नाहीं. त्यांना विरोध करणें एवढें तुझें काम.” या भेदांत केवढी दया आहे! मनांत एक ओंगळ विचार आला म्हणून स्वतःस पतित समजणाऱ्या कित्येक सज्जनांचें ओझें तो एका क्षणांत उतरवितो. मात्र त्या विचारास बसावयास पाट मांडणाऱ्याची सुटका करीत नाहीं. एका पत्रांत इव्हाग्रियसनें मनाच्या द्वारपालाची उपमा दिली आहे: आंत येऊं पाहणाऱ्या प्रत्येक विचारास, तूं आमच्यापैकीं कीं शत्रूकडचा, असें दारांतच विचारावें.

उपाय त्यानें अनेक सांगितले. वाळवंटांत ख्रिस्तानें सैतानास तिन्ही वेळां शास्त्रवचनांनींच निरुत्तर केलें, तो कित्ता पुढें ठेवून त्यानें आठ भागांचा एक ग्रंथ रचिला आणि प्रत्येक विचारास बायबलांतील कोणत्या वचनानें उत्तर द्यावें हें त्यांत नमूद केलें. अशीं वचनें जवळजवळ पांचशें आहेत. कधीं कधीं कीर्तिलालसेच्या विचारानें कामवासनेचा विचार घालवावा, असा काट्यानें काटा काढण्याचा उपायही तो सुचवितो. मनांत दावा धरणाऱ्याचा राग देणगीनें शमतो, आणि देणगी देण्यास कांहीं नसेल तर त्यास आपल्या पंक्तीस जेवावयास बोलवावें, हा उपाय आम्हांस सर्वांत आवडला. उलट, कामवासना जिंकण्यासाठीं थंडींत रात्रभर विहिरींत उभे राहण्याचा त्याचा जो प्रकार पॅलेडियस वर्णितो, त्यांत शहाणपणापेक्षां त्वेषच अधिक दिसतो.

पुढें या विद्येचें काय झालें तें लवकर सांगतां येण्यासारखें आहे. मिसरांत राहून आलेल्या जॉन कॅसियननें ती पांचव्या शतकाच्या आरंभीं मार्सेल्सला नेली. मात्र गुरूचें नांव त्यानें कोठेंच घेतलें नाहीं. मोशे नांवाच्या वृद्धाच्या तोंडीं त्यानें पाणचक्कीचा दृष्टांत घातला आहे. पाण्याचा लोंढा आहे तोंवर चक्की थांबत नाहीं, परंतु तींत गहूं घालावे कीं रानटी बी घालावें, हें दळणारा ठरवितो. पुढें ५९० ते ६०४ पर्यंत पोपपदीं असलेल्या ग्रेगरीनें गर्वास सर्वांचें मूळ ठरवून उरलेल्यांची मांडणी सातांत केली; उबग खिन्नतेंत विरून गेला, मत्सर नवा आला. यांतूनच ‘सात महापातकें’ निपजलीं. १२१५ च्या लॅटरन परिषदेनें प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती माणसावर वर्षांतून एकदां पापनिवेदन बंधनकारक केलें, आणि अशा याद्या पापनिवेदन ऐकणाऱ्यांच्या नित्य उपयोगाच्या झाल्या. वैद्यानें लक्षणें ओळखण्यासाठीं केलेलें टांचण न्यायाधीशाच्या हातीं गेलें! जो ‘विचार’ होता तो ‘अपराध’ झाला, आणि येणें व रेंगाळणें यांतील भेद सामान्य जनांच्या दृष्टीआड गेला. ही हानि लहान नव्हे.

इव्हाग्रियसच्या नांवाचा इतिहास याहून करुण आहे. त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरांतच ओरिजेनच्या मतांवरून वाद पेटून त्याच्या सोबत्यांस वाळवंटांतून हांकलण्यांत आलें. ५५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या सुमारास त्याच्याही मतांचा धिक्कार झाला. ग्रंथ मात्र वाचकांनीं टाकले नाहींत. प्रार्थनेवरील त्याचें पुस्तक ग्रीक भिक्षु नायलस नांवाच्या साधूचें म्हणून शतकानुशतकें वाचीत राहिले. इरेने होशेर या विद्वानानें १९३४ सालीं तें मूळ लेखकाच्या पदरीं घातलें. प्रत्युत्तरांचा तो आठ भागांचा ग्रंथ ग्रीकमध्यें नाहींसा झाला, परंतु सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांत टिकला, आणि १९१२ सालीं बर्लिन येथें छापला गेला. खुद्द केलियाची जागा तर वाळूखालीं हरवली होती. ती १९६४ सालीं आंत्वान गियोमों या फ्रेंच पंडितानें शोधून काढिली. पुढें फ्रेंच आणि स्विस मंडळींनीं केलेल्या उत्खननांत मातीच्या विटांचीं शेंकडों आश्रमगृहें उघडीं पडलीं. बहुतेक इमारती इव्हाग्रियसच्या नंतरच्या शतकांतल्या आहेत. प्रार्थनेच्या खोलींत पूर्वेकडील भिंतींत एक कोनाडा, भिंतींवर रंगविलेले क्रूस, आणि कोठें कोठें मागून राहावयास आलेल्यांनीं लिहिलेलीं नांवें.