पॅरिस द न्वी

पॅरिस द न्वी (अर्थ: रात्रीचे पॅरिस) हा ब्रासाई यांचा छायाचित्रसंग्रह आहे. तो डिसेंबर १९३२ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. फ्रेंच लेखक पॉल मोरां यांची त्यास प्रस्तावना आहे. सेन नदीकाठ, पूल, रस्ते व रात्रीचे जनजीवन हे त्याचे विषय होत.

पार्श्वभूमी

ब्रासाई (१८९९–१९८४) यांचे मूळ नाव ग्युला हालास. जन्मगाव ब्राशो (तेव्हा हंगेरीत, आता रोमानियात) यावरून त्यांनी टोपणनाव घेतले. १९२४ मध्ये ते पॅरिसला स्थायिक झाले. रात्रीच्या पायी भ्रमंतीत पाहिलेले शहर टिपण्यासाठी ते छायाचित्रणाकडे वळले.

तंत्र

ते फोइग्टलेंडर बेर्गहाइल कॅमेरा, तिपाई आणि ६.५ × ९ सेंमी. काचपट्ट्या वापरत. अपुऱ्या प्रकाशामुळे शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागे. हा वेळ ते सिगारेटवरून मोजत: एरवी गोल्वाझ, अंधार अधिक असल्यास बोयार. दिव्याची झळाळी चित्र बिघडवू नये म्हणून ते दिवा झाडासारख्या वस्तूआड येईल अशी जागा निवडत. धुक्यामुळे प्रकाश सौम्य होई, तर ओले रस्ते व नदीचे पाणी तो परावर्तित करीत.

दीर्घकाळ उघड्या शटरमुळे चालणारी माणसे चित्रात उमटत नाहीत. स्थिर असलेलेच उरते. पाँ नफ या पुलाखाली आसरा घेणारे बेघर लोकही ब्रासाई यांच्या या काळातील छायाचित्रांत दिसतात. त्यामुळे ही चित्रे नगरसौंदर्याबरोबरच तत्कालीन समाजजीवनाचीही नोंद ठरतात.