तिबेटचे हवाई तळ आणि नागपूरची जबाबदारी

नागपूर, प्रतिनिधी - तिबेटच्या पठारावरील चिनी हवाई तळ नागपूरपासून हजार किलोमीटरहून अधिक दूर आहेत. तरीही त्यांना तोंड देण्याची भारताची तयारी किती, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग नागपुरातच आहे. येथील वायुसेनानगरात भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे, अर्थात देखभाल विभागाचे मुख्यालय आहे.

चीनचे हवाई बळ

चिनी हवाई दलाची स्थापना ११ नोव्हेंबर १९४९ रोजी झाली. प्रारंभी ते सोव्हिएत विमानांवर व त्यांच्या चिनी आवृत्त्यांवर अवलंबून होते. आज जे-१०, जे-१६ आणि रडारला सहजी न सापडणारे जे-२० ही लढाऊ विमाने तसेच वाय-२० हे अवजड मालवाहू विमान चीन स्वतः तयार करतो. अमेरिकी संरक्षण विभागाच्या २०२३ च्या अहवालानुसार चीनचे हवाई दल आणि नौदलाचा हवाई विभाग यांच्याकडे मिळून तीन हजारांहून अधिक विमाने असून, त्यांतील सुमारे २,४०० लढाऊ आहेत. २०१६ मधील फेररचनेनंतर भारताला लागून असलेली सीमा चेंग्डू येथे मुख्यालय असलेल्या पश्चिम युद्धक्षेत्र कमांडच्या अखत्यारीत आली.

उंचीची अडचण

या सीमेलगतचे बहुतेक तळ लष्करी आणि नागरी अशा दुहेरी वापराचे आहेत. ल्हासा गोंगर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५७० मीटर, शिगात्से सुमारे ३,७८० मीटर, न्गारी गुन्सा सुमारे ४,२७० मीटर, तर छामदो बांगदा ४,३०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. चार हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश उरते. परिणामी इंजिनाची ताकद घटते, पंखांना कमी उचल मिळते आणि इंधन किंवा शस्त्रास्त्रे कमी करूनच उड्डाण करावे लागते. बांगदा येथे सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीची धावपट्टी बांधावी लागली, ती याच कारणाने. शिनजियांगमधील होतान आणि काशगर हे तळ मात्र तुलनेने सखल भागात आहेत.

लेह आणि न्योमा वगळता भारताचे तेजपूर, छाबुआ, हाशिमारा, अंबाला यांसारखे प्रमुख तळ मैदानी प्रदेशात आहेत. तेथून विमान पूर्ण भार घेऊन झेपावू शकते. भूगोलाने दिलेला हा लाभ कायमचा मानता येणार नाही. २०१७ मधील डोकलामचा पेच आणि २०२० मधील गलवानचा संघर्ष यांनंतर चीनने या भागात नव्या धावपट्ट्या, विमानांसाठी पक्के निवारे आणि हवाई संरक्षण यंत्रणा उभारल्या आहेत.

नागपूरची भूमिका

भारतीय हवाई दलाचे सात कमांड आहेत. त्यांपैकी पाच प्रत्यक्ष मोहिमांसाठी, एक प्रशिक्षणासाठी आणि सातवे नागपूरचे. विमाने, हेलिकॉप्टर, इंजिने, रडार व क्षेपणास्त्रे यांची मोठी दुरुस्ती आणि सुट्या भागांचा साठा ही या कमांडची जबाबदारी होय. कानपूर, चंदीगड, पुणे, सुलूर, नाशिकजवळील ओझर आदी ठिकाणचे बेस रिपेअर डेपो तिच्या अधिपत्याखाली येतात. ठराविक उड्डाणतासांनंतर विमान पूर्णपणे सुटे करून तपासले जाते व पुन्हा जोडले जाते. ओझरच्या ११ क्रमांकाच्या डेपोने सुखोई-३० एमकेआय विमानांचे असे काम हाती घेतले आणि २०१८ मध्ये पहिले विमान हवाई दलाकडे परत सोपविले.

ओझरचा वारसा चीनशीच जोडलेला आहे. १९६२ च्या युद्धात भारताने लढाऊ विमाने वापरली नाहीत. त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि मिग-२१ च्या उत्पादनासाठी ओझर येथे कारखाना उभा राहिला. पुढे सुखोईची जुळणीही तेथेच झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले.

संख्येचा प्रश्न

हवाई दलासाठी ४२ लढाऊ स्क्वॉड्रन मंजूर आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाल्यावर ही संख्या २९ वर आली. इंजिनांच्या पुरवठ्यातील विलंबामुळे तेजसचे वेळापत्रक मागे पडले, तर २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियन सुट्या भागांसाठी देशी पर्याय शोधण्याची गरज अधिक तीव्र झाली. नवी विमाने येण्यास वेळ लागतो. हाताशी असलेली विमाने उड्डाणक्षम ठेवणे मात्र आजच शक्य असते. एका सुट्या भागाअभावी हँगरमध्ये अडकलेले विमान कागदावर मोजले जाते, सीमेवर नाही. मैदानी तळांचा लाभ प्रत्यक्षात किती मिळेल, हे नागपूरच्या या न दिसणाऱ्या कामावरच ठरणार आहे.