घुशीची कवटी : मोजमापातून जातीची ओळख

नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर नायगाव हे तालुक्याचे गाव लागते. तेलंगणाची सीमा येथून फार दूर नसल्याने या पट्ट्यात मराठीबरोबर तेलुगूही कानी पडते. मराठी शेतकरी जिला 'घूस' म्हणतो, तिला तेलुगू भाषक 'पंदिकोक्कु' म्हणतात. 'पंदि' म्हणजे डुक्कर; डुकरासारखा उंदीर असा त्या नावाचा आशय. हाच शब्द इंग्रजांच्या तोंडी 'बॅन्डिकूट' झाला आणि पुढे प्राणिशास्त्रज्ञांनी घुशीच्या प्रजातीला 'बॅन्डिकोटा' हे नाव दिले. ऑस्ट्रेलियातील एका पिशवीधारी प्राण्यालाही हेच नाव चिकटले असले, तरी त्याचा घुशीशी काहीही संबंध नाही.

मोठी घूस (बॅन्डिकोटा इंडिका) ही उंदरांच्या कुळातील भारतातील सर्वांत दांडग्या जातींपैकी एक होय. पूर्ण वाढलेल्या घुशीचे वजन अर्ध्या किलोपासून एक किलोपर्यंत भरते. मात्र बोलीभाषेत आकाराने थोडा मोठा असा कोणताही उंदीर 'घूस' ठरतो. लहान घूस (बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस), मोठ्या घुशीचे पिल्लू आणि घरातील काळा उंदीर यांच्यात अनुभवी माणसाचीही गफलत होते. केसांचा रंग वयानुसार व ऋतूनुसार बदलतो, शेपटी भांडणात तुटते. अशा वेळी अंतिम निवाडा कवटीवरच होतो.

मोजमापापूर्वी कवटी स्वच्छ करावी लागते. ती मंद आचेवर पाण्यात ठेवून मांस सुटे करतात किंवा मांस खाणाऱ्या विशिष्ट भुंग्यांच्या अळ्यांकडे हे काम सोपवतात. फार उकळल्यास नाकाची नाजूक हाडे निखळतात आणि लांबीचे माप कायमचे हुकते. सुकलेल्या कवटीवर क्रमांक घालून व्हर्नियर कॅलिपरने मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मापे घेतात. नाकाच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंतची एकूण लांबी, गालांच्या कमानींमधील सर्वाधिक रुंदी, डोळ्यांच्या खोबणींमधील सर्वांत अरुंद जागा, वरच्या दाढांच्या रांगेची लांबी, टाळूवरील दोन फटींची लांबी आणि कानामागील हाडाच्या फुगवट्याचे माप ही त्यांतील प्रमुख होत. पुढचे कुरतडणारे दात व दाढा यांच्यामधील रिकामी जागाही मोजली जाते. या कुळात सुळे व उपदाढा नसतातच. वरखाली मिळून एकूण दात सोळा.

मोठ्या घुशीची कवटी पाच सेंटिमीटरहून अधिक लांब भरते. लहान घूस व काळा उंदीर यांची कवटी मात्र चार सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे केवळ लांबीवरून त्यांचा उलगडा होत नाही. तेथे प्रमाण पाहावे लागते. घुशीची कवटी लांबीच्या मानाने रुंद व धिप्पाड असते आणि मागील बाजूस स्नायू धरून ठेवणाऱ्या कडा ठळक दिसतात. खरी खूण दाढांवर आढळते : घुशीच्या दाढेवर आडव्या पट्ट्या असतात, तर काळ्या उंदराच्या दाढेवर उंचवटे. वयाचा अंदाजही दाढांच्या झिजेवरूनच घेतात. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहत असल्याने त्यांचा येथे उपयोग नाही.

ही बारकाई प्रयोगशाळेपुरती नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अनेक घरे ओस पडली, धान्य तसेच राहिले. वर्षभरात, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बीड जिल्ह्यातील मामला येथे गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. पडक्या घरांतील धान्यावर उंदीर माजले, हे त्यामागचे एक कारण मानले गेले. प्लेगचा जंतू रानात प्रामुख्याने टटेरा इंडिका या, शेपटीच्या टोकाला झुपका असणाऱ्या रानउंदरात टिकून राहतो आणि पिसवांमार्फत घरातील काळ्या उंदरांत, तेथून माणसांत पोहोचतो. म्हणून पाहणी पथकाच्या पिंजऱ्यात कोणती जात सापडली, याला महत्त्व येते. टटेराची कवटी ओळखणे तुलनेने सोपे : वरच्या पुढच्या दातांवर उभी खाच असते आणि कानामागील फुगवटा चांगलाच मोठा असतो.

महाराष्ट्रात अशा नोंदींची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली आणि तिचा पहिला अहवाल खानदेशातील नमुन्यांवर होता. कातड्याबरोबर कवटी राखण्याची शिस्त पाळली गेल्याने ते नमुने आजही पुन्हा मोजता येतात.

कवटीसाठी प्राणी मारावाच लागतो असेही नाही. गव्हाणी घुबड न पचलेली हाडे व केस गोळीच्या रूपाने ओकून टाकते. जुन्या वाड्यात वा देवळाच्या माळ्यावर सापडणाऱ्या या गोळ्या पाण्यात भिजवल्या, की लहान घुशीच्या, उंदरांच्या व चिचुंद्रीच्या कवट्या हाती लागतात. एक किलोची घूस या घुबडाला झेपत नाही. तिची पिल्ले मात्र त्यात मिळू शकतात.